पायाखालचं झाकण

१

मंगळवारी सकाळी प्रकाशा गावच्या नदीघाटाकडे उतरताना पितांबर आप्पांनी ब्रेकवर पाय दिला आणि पाय थेट तळाला गेला. पुन्हा दाबला, पुन्हा तळाला. त्यांची क्रीम रंगाची ॲम्बेसेडर, सन एकोणीसशे अडुसष्टची, उतारावरून जी सुटली ती घाटाच्या कठड्याला धडकूनच थांबली. कठडा पडला, गाडीचं नाक आत गेलं आणि आप्पांचं उजवं मनगट मोडलं. फुलं विकणारी बाई दोन पावलं मागे सरली म्हणून वाचली.

शहाद्याच्या एसटी स्टँडमागे नईमाचं गॅरेज आहे. तिथे ही बातमी नऊच्या आत पोचली, आणि येताना निकालही घेऊन आली. बाईच्या हातचं काम, दुसरं काय होणार!

सतरा दिवसांपूर्वी ह्याच गाडीचा ब्रेकचा मास्टर नईमाने उघडून नवा केला होता. मास्टर म्हणजे एक नळकांडं. पायाने ब्रेक दाबला की त्यातलं तेल चारी चाकांकडे धावतं आणि गाडी थांबते. आत वाटीच्या आकाराची छोटी रबरं असतात, ती तेल अडवून धरतात. रबर गेलं की तेल गळतं, आणि तेल गळलं की माणूस देवाच्या भरवशावर.

गॅरेजवर पाटी अजून बापाच्या नावाची, 'शकील मोटार गॅरेज'. पण शकीलभाईंचे हात तीन वर्षांपासून थरथरतात, आणि तेव्हापासून प्रत्येक बोल्ट नईमाच फिरवते. गिऱ्हाइकं "शकीलभाई देखतस ना?" असं विचारून मनाची समजूत घालत होती. त्या दिवशी समजूत संपली. दोन जीपवाले अर्धवट खोललेल्या गाड्या ओढून घेऊन गेले.

दुपारी आप्पांचा मुलगा धर्मेंद्र एक कागद घेऊन आला. कागदावर सगळं आधीच लिहिलेलं होतं. चूक माझी होती, यापुढे मी ब्रेकच्या कामाला हात लावणार नाही. खाली सहीला जागा.

"सही कर, नईमा. आप्पा केस कराव नहीत. पन गावले समजाले पाहिजे."

नईमाने कागद घेतला, नीट वाचला, त्याला आपले काळे हात शांतपणे पुसले आणि तो भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला.

"सही होई, भाऊ," ती म्हणाली. "पन जेनी चूक शे, त्यानी. शुक्रवारलोंग थांब."

धर्मेंद्र रागाने लाल होऊन निघून गेला. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले शकीलभाई एवढंच म्हणाले, "पहले रबर देख, बेटा. आदमी बाद में."

२

आदमी आधी भेटला. बुधवारी सकाळी नईमा प्रकाशाला गेली तर आप्पा ओट्यावर, स्वयंपाकघराच्या दाराला टेकूनच बसलेले. हात प्लास्टरमध्ये. अंगणात नाक चेपलेली गाडी, आणि तिच्याभोवती बघ्यांची रोजची हजेरी.

"तू काबरं उनी, पोर?" आप्पा तिच्याकडे न बघता म्हणाले. "झायं ते झायं. मी तुले माफ कयं."

बघे हळहळले. केवढं मोठं मन! नईमाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. शिवी दिली असती तर तिने सोसली असती. पण न केलेल्या चुकीची माफी गळ्यात घालून घेणं तिला कधी जमलं नव्हतं.

"माले माफी नको, आप्पा. माले गाडी उघाडू द्या."

"आते काय देखशी त्यामा?"

"मन्हं काम. मी करेल शे, मीच देखसू."

चार माणसांसमोर नाही कसं म्हणणार? आप्पांनी मान हलवली. तेवढ्यात नईमाच्या नाकात करपल्याचा वास भरला. "वहिनी, दूध जयनं!" ती ओरडली. मागच्या अंगणातून आप्पांची सून दीपमाला धावत आली आणि तिने पातेलं उतरवलं. आप्पा तिथेच दाराला टेकलेले, पण त्यांनी मानसुद्धा वळवली नव्हती. पुढे त्याच दुधाचा चहा आला. नईमाला दुसरा घोट उतरेना. आप्पांनी मात्र कप रिकामा केला आणि साखर कमी असल्याची तक्रार केली.

मग तिने गाडी उघडली. ह्या जुन्या गाडीत मास्टर बोनेटमध्ये नसतो, ड्रायव्हरच्या पायाखाली असतो. चटई उचलायची, खाली दोन स्क्रूंची पत्र्याची पट्टी, पट्टीखाली तेल घालायचं झाकण. शकीलभाईंची शिस्त अशी की बसवलेल्या प्रत्येक स्क्रूची खाच गाडीच्या लांबीला समांतर ठेवायची, म्हणजे कोणी हात लावला तर लगेच कळतं. नईमा ही शिस्त नमाजासारखी पाळते.

दोन्ही खाचा आडव्या होत्या. आणि एका खाचेत काहीतरी लाल माखलं होतं.

तिने ते नखाने कोरून कागदाच्या पुडीत ठेवलं आणि मास्टर काढला. आतली रबरं फुगून भिजवलेल्या वालासारखी झाली होती, बोट लावलं की कडा तुटत होत्या. सतरा दिवसांत? तिने खाली वाकून चासीवर हात फिरवला. मास्टरच्या खालच्या भागाला तिने स्वतः काळा रंग दिला होता. त्यावरून तेल ओघळलं होतं, पण रंग जसाच्या तसा चमकत होता.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. ब्रेक ऑइल अंगणात सांडलं तरी फरशीचा रंग खातं. ह्या गळालेल्या तेलाने रंगाचा टवकाही काढला नव्हता.

म्हणजे गळलं ते ब्रेक ऑइल नव्हतंच.

३

मास्टरमध्ये उरलेलं तेल बाटलीत घेऊन ती आधी मिथुनकडे गेली. दोंडाईचा रस्त्यावर त्याचं नवं गॅरेज, काचेचं ऑफिस, बाहेर हसऱ्या मुलीचं पोस्टर. अपघातानंतर गाडी बघून 'रबर उलटं बसवलं' असं गावभर सांगणारा मेकॅनिक हाच.

"मिथुनभाऊ, रबर उलटं शे हाई तुले कसं समजनं?"

"अनुभव शे बाई आम्हले."

"झाकन उघाडं व्हतं का तू? की मास्टर खोला?"

मिथुनने कॅलेंडरकडे पाहिलं. मग पोस्टरकडे.

"मी हातच लावा नही. जुन्या गाडीले हात लावा तं पाप आपला गळामा पडस. खाले वाकीसन देखं, तेल गयेल व्हतं. धर्मेंद्रभाऊ म्हने, रबर उलटं बसाडं अशी. मी म्हनं, अशी."

"म्हंजे न देखताच बोलना."

"गिऱ्हाईकनी हा मा हा भरी, एवढंच," तो म्हणाला. वर तोंड करून असंही म्हणाला की धंद्यात चालतं. नईमाने त्याला दोन शेलक्या शब्दांत चालत नाही ते समजावलं आणि बाहेर पडली. माणूस लबाड, पण झाकण त्याने उघडलेलं नाही, हे खरं. खोटं बोलायलासुद्धा त्याने कष्ट घेतले नव्हते.

गॅरेजात शकीलभाईंनी एका ग्लासात पाणी घेतलं. थरथरत्या हाताने हे काम छान होतं, थेंब आपोआप पडतात. खरं ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं, मागमूस राहत नाही. इंजिनचं तेल पडलं तर वर तरंगतं. बाटलीतले चार थेंब पडले आणि पाणी पांढरं झालं. ताकासारखं, ढवळ्या धुरासारखं, तळापर्यंत.

"चालीस साल में ऐसा नहीं देखा," शकीलभाई म्हणाले.

नईमाने मात्र पाहिलं होतं. ह्याच आठवड्यात, रोज, जाता-येता. शहाद्याहून प्रकाशाला जाताना दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि ह्या दिवसांत बागांवर करप्याचा रोग. पानावर करपा आला की शेतकरी पाण्यात एक पातळ, फिकट तेल मिसळून फवारतात. तेलात साबणासारखं काहीतरी असतं, म्हणून ते पाण्यात तरंगत नाही, पाणी पांढरं करतं. पंपाच्या टाकीत दूध भरलंय असंच वाटतं.

दिसायला ते तेल अगदी ब्रेक ऑइलसारखं. वास मात्र वेगळा. ब्रेक ऑइल नाकाला झोंबतं, ह्याला वासच नाही.

करप्याचं तेल ब्रेकमध्ये कोणी घातलं? आणि घालणाऱ्याला पायाखालचं झाकण कसं माहीत?

४

गुरुवारी ती सरळ आप्पांच्या वखारीत शिरली. दगा तिथे फवारणीचे पंप धूत होता. दगा म्हणजे आप्पांचा सालदार गडी, पन्नाशीचा, कमी बोलणारा, डोंगरातून येऊन इथेच रुजलेला. त्याच्यामागच्या फळीवर एक बाटली होती, ती नईमाने उचलून पाहिली.

बाटली तिचीच होती. ब्रेक ऑइलची, लेबलसकट. शकील गॅरेजची रीत अशी की काम झालं की जुनी रबरं आणि वापरलेल्या तेलाची रिकामी बाटली एका थैलीत घालून मालकाला द्यायची. काय काढलं, काय घातलं, हे मालकाला दिसावं म्हणून. आप्पांनाही तिने अशीच थैली दिली होती. आता ती बाटली अर्धी भरलेली होती.

"ह्यामा काय शे, दगाभाऊ?"

"करपानं तेल. बाटलीवर रेघा शेत ना, माप बराबर येस. दीपमाला वहिनीनी थैली आठे टाकेल व्हती. बाटली रिकामी व्हती, ताई, मी भरी लिधी." मग त्याच्या लक्षात आलं की ती का विचारते आहे, आणि त्याने हातातला पंप खाली ठेवला. "गाडीमा मी काही टाकं नही. आप्पा किल्ली कोनलेच देतस नहीत."

"अमावसले तू कोठे व्हता?"

"आक्कलकुवाले. बहीनना घर. सकायनी गाडी धरी, दुसरा दिन उनू."

अमावास्या का, असं त्याने विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. पुडीतला लाल कण तिने आता पुरता ओळखला होता. ते कुंकू होतं, आणि गाड्यांना कुंकू लागतं ते अमावास्येच्या पूजेला. तिच्या गॅरेजात कुंकू कुठून येणार?

"आस्सं!" दारातून आवाज आला. धर्मेंद्र उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याने तीन ढांगांत येऊन दगाची गचांडी धरली. "मन्हा बापले मारी टाकता तू!"

आणि तो दगाला फरफटत अंगणात घेऊन गेला.

५

आवाज ऐकून निम्मी गल्ली जमली. धर्मेंद्र ओरडत होता, बाटली सगळ्यांना दाखवत होता. दगा मान खाली घालून उभा. आप्पा ओट्यावरून नुसते बघत होते.

"नईमा, तुन्ही चूक नही, मी सगळासमोर सांगस," धर्मेंद्र म्हणाला. "याले आजच हाकली देसू."

झालं की! नाव धुतलं गेलं, गिऱ्हाइकं परत येतील, घरी जायला हरकत नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली तर संन्याशाचं नुकसान, गॅरेजचं नव्हे. दोन दिवसांपूर्वी तो संन्याशाचा दोर कोणाच्या गळ्यात होता हे नईमा विसरली असती, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"त्याले सोड, भाऊ," ती म्हणाली. "आन् माले एक दाखाड. तुन्हा बापनी गाडीमा ब्रेकनं तेल कोठे टाकतस?"

"हाई काय इचारनं झायं?" धर्मेंद्रने चेपलेलं बोनेट दोन्ही हातांनी उचललं, आत पाहिलं, इकडे बोट केलं, तिकडे केलं. बोट काही टेकेना. जन्मापासून त्या गाडीत बसलेला माणूस, पण लक्ष नेहमी ती सुरतेच्या कोणाला विकण्याकडे. बघ्यांत खसखस पिकली.

नईमाने चटई उचलली. "आठे शे. पायखाले. घरमा हाई कोनले माहीत शे, दीपमाला वहिनी?"

"आप्पासले," दीपमाला म्हणाली. "गाडीले आम्हले हातबी लाऊ देतस नहीत. दर अमावसले तेच नारय फोडतस, तेच कुकू लावतस, तेच तेलपानी देखतस."

नईमाने पुडी उघडून बोनेटवर ठेवली.

"हाई कुकू झाकनना स्क्रूमा व्हतं. अमावसले कोनी तरी पूजा कयी, मंग त्याच हाते झाकन उघाडं. तेल कमी दिसनं, ते भरी टाकं. दगा आक्कलकुवाले व्हता. धर्मेंद्रभाऊले झाकनच माहीत नही. मिथुननी हात लावा नही. वखारमा बाटली व्हती, वर ब्रेक ऑइलनं लेबल. कोनलेबी वाटी की नईमानी उरेल तेल दिधं. चूक व्हई जास. पन झाकन काढताच समजतं, आप्पा. ब्रेक ऑइल नाकले झोंबस."

ती ओट्याजवळ गेली. आवाज खाली आणला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच.

"काल दूध जयनं. तुम्ही दारमाच बठेल व्हतात. मंग तोच च्या पिधात. कवय गयं नाक?"

आप्पांनी प्लास्टरकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, ते उठून आत जातील.

"कोरोनाना तापमा," ते म्हणाले. "गयं ते उनंच नही. कोनले सांगं नही मी."

"काबरं, आप्पा?" धर्मेंद्रचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला.

"तू किल्ली ली टाकता म्हनीसन!" म्हातारा उसळला. "डोया कमी झाया, कान कमी झाया, आते नाक. गाडी सुरतले, आन् मी खाटवर. मंगळवारले पाय तयले गया तवयच माले समजनं, मीच टाकेल तेल शे. पन बोलनू नही. म्हनं, पोर शे, मी माफ करी देसू, लोके इसरी जातीन."

नईमाला म्हाताऱ्याचा राग आला, आणि कीवही आली, आणि कीव आल्याचा आणखी राग आला. घरी खुर्चीवर एक माणूस बसला होता. त्याचे तर हात गेले होते. पण त्याने ते लपवायला दुसऱ्याचे हात मागितले नव्हते. त्याने पान्हा मुलीच्या हातात दिला होता.

"तुम्ही तुमनी किल्ली वाचाडी," ती म्हणाली, "आन् बदलामा मन्हा हात दिधात."

तिने पिशवीतून तोच कागद काढला, खिळ्याचं भोक आणि काळ्या बोटांचे डाग असलेला. मागची कोरी बाजू वर करून आप्पांसमोर ठेवला.

"उजवा हात मोडेल शे," आप्पा पुटपुटले.

"डावानी चाली."

त्यांनी लिहिलं. तीनच शब्द, वाकडेतिकडे, पहिलीतल्या मुलासारखे: चूक मन्ही व्हती. खाली पितांबर. मग कोणी न सांगता ते उठले, अंगणात उतरले आणि डावा हात दगाच्या खांद्यावर ठेवून उभे राहिले. दगाने मान वर केली.

६

नईमाने गाडीतलं झाडून सगळं रबर बदललं, मास्टरमधलं आणि चारी चाकांमधलं. एकदा ते तेल आत गेलं की एकही जुनं रबर विश्वासाचं राहत नाही. नळ्या धुतल्या, नवं तेल भरलं, स्क्रूच्या खाचा सरळ केल्या. सुरतेची गोष्ट धर्मेंद्रने पुन्हा काढली नाही. काढली असती तर दीपमालाने ऐकून घेतली नसती, असं गल्लीत म्हणतात.

पंधरा दिवसांनी गाडी पोचवायला ती प्रकाशाला निघाली. गाडी न्यायला गॅरेजवर आलेले आप्पा पुढे बघत बाजूच्या सीटवर बसले.

"घर तिकडे शे," गावात शिरल्यावर ते म्हणाले.

"माहीत शे."

तिने गाडी घाटाच्या उतारावर घातली. सकाळची वेळ, घाटावर नेहमीची गर्दी, फुलंवाली बाई जागेवर. कठड्याच्या पडलेल्या भागात अजून दोरी बांधलेली होती. क्रीम रंगाची गाडी उताराला लागलेली बघून माणसं भराभर बाजूला झाली, आणि फुलंवाली ह्या वेळी दहा पावलं मागे सरली. नईमाने वेग कमी केला नाही. आप्पांचा डावा हात दाराच्या मुठीवर आवळला, पण 'थांब' असं काही ते म्हणाले नाहीत.

अर्ध्या उतारावर तिने पाय दिला. पेडल दोन बोटं गेलं आणि घट्ट लागलं. गाडी दोरीच्या अलीकडे हातभर अंतरावर उभी राहिली.

घाटावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण कठड्यावर बसलेला एक जीपवाला, जो त्या मंगळवारी गाडी ओढून घेऊन गेला होता, तो उठला, गाडीजवळ आला आणि खिडकीत वाकून म्हणाला, "नईमाताई, मन्ही गाडीना ब्रेक जरा आवाज करस. उद्या आनू का?"

"आन," नईमा म्हणाली. "पन शकीलभाई देखतस का, असं इचारानं नही. मी देखस."

मग तिने मागच्या सीटवरची थैली पुढे घेतली. त्यात काढलेली फुगीर रबरं आणि ब्रेक ऑइलची रिकामी बाटली. बाटली तिने हातात आडवी धरली, डॅशबोर्डवरचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि बाटलीच्या पोटातून आरपार भोक पाडलं.

"ही ल्या, आप्पा," ती म्हणाली. "आते हिनामा कोनी काहीच भरू शकाव नही."